आधी पाणी बघ, मगे मुळे: बोटीवर राहून किनाऱ्यावरचं खाणं शोधायचं नि शिजवायचं कसं

"बोटीवर राहता म्हणजे रोज ताजी मासळी फुकट, मजा आहे तुमची" असं जो भेटतो तो म्हणतो. खरं सांगायचं तर पहिल्या सीझनला मांडव्याहून मालवणपर्यंत पोचेतो आम्ही नवराबायकोने जेवढी मॅगी खाल्ली तेवढी हॉस्टेलवर असताना पण खाल्ली नव्हती. चोहीकडे समुद्र आणि ताटात काही नाही. गरी टाकून बसायचं, शेंगटी यायची आणि ती पण काढताना काटा मारून जायची. आता चार सीझन झाले, बोट तीच आहे, २८ फुटी, सेकंडहँड, फायबरची, शीड दोनदा शिवून घेतलेलं, पण आठवड्यातले तीन-चार दिवस तरी जेवण किनाऱ्यावरून येतं. मधल्या काळात आम्ही काही मोठे मच्छीमार झालो नाही, फक्त मासे शोधायचं कमी केलं आणि पाणी बघायला लागलो.

हे शिकवलं देवगडच्या पुढच्या एका खाडीतल्या आजींनी. मी सकाळी अकरा वाजता टोपीबिपी घालून, नवीकोरी बादली घेऊन चिखलात उभा, आणि त्या पाटी डोक्यावर घेऊन घरी निघालेल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाणी भरता हा, आता खंयचे मुळे गावतले तुका? झिला, आधी पाणी बघ, मगे मुळे बघ." म्हणजे पाणी चढतंय, आता कुठले मुळे सापडणार तुला, पोरा. त्यांच्या पाटीत दोन घरांना पुरतील एवढे मुळे, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, होत्या, माझ्या बादलीत एक चप्पल. चिखलातून काढलेली, माझीच.

तर हे सगळं नवख्यांसाठी लिहितोय, म्हणजे ज्यांनी नुकतीच बोट घेतलीय, किंवा ओळखीच्याच्या बोटीवर महिना-पंधरा दिवस राहायला जाताय, किंवा बोट नाही पण खाडीकाठी तंबू टाकताय त्यांनाही चालेल. मी कोकणापुरतंच बोलतोय, मांडव्यापासून खाली तेरेखोलपर्यंत.

सीझन

ऑक्टोबर ते मे. जूनला बोट वर काढायची, झाकायची आणि घरी जायचं, यात वाद घालू नका. राज्याच्या हद्दीत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, पण ती नसती तरी त्या समुद्रात आपलं काम नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बेस्ट. शाळेत भूगोलात पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात का, मार्कांसाठी पाठ केलेले, ते इथे रोजचं टाइमटेबल असतं. पहाटे जमिनीकडून मतलई, त्यावर शीड उभारून निघायचं, दुपारनंतर वायव्येचा खारा वारा जोर धरतो तोवर पुढच्या खाडीत नांगर टाकलेला पाहिजे. आणि मग दुसऱ्या दिवशीची ओहोटी कधी ते बघायचं.

पायरी पहिली: कालनिर्णय काढा

मोबाईलवर भरती-ओहोटीचे अ‍ॅप आहेत, वापरा, आम्ही पण वापरतो. पण खाडीत आत गेलं की रेंज जाते, आणि कोळीवाड्यात कोणी अ‍ॅपची भाषा बोलत नाही, तिथे तिथीच चालते. हिशोब एकदम सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती, दुपारी पण आणि पहाटे पण, आणि ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे नऊच्या सुमारास. द्वितीयेला भरती दीडला, ओहोटी साडेसातला. हा हिशोब मुंबईकडे चांगला जुळतो, जसजसं दक्षिणेला जाल तशी भरती थोडी आधी येते, मालवणला तासभर आधी धरलं तर फार चुकत नाही.

आता कुठली ओहोटी कामाची? अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी नुसतं हलल्यासारखं करतं, काही उघडं पडत नाही, तेव्हा बोटीवर बसून शिवणकाम करा. उधाणाचा जोर प्रत्यक्षात पुनवेच्या दिवशी नाही तर एकदोन दिवसांनी दिसतो, म्हणून आमचे ठरलेले दिवस म्हणजे प्रतिपदा, द्वितीया, तृतीया. त्यातही द्वितीया, कारण सकाळी साडेसातला पाणी तळाला असतं, उजेड असतो आणि ऊन चढलेलं नसतं.

मुंबईकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत वरखाली होतं, खाली गोव्याकडे जेमतेम दोन. म्हणजे रायगडात जिथे भलंमोठं मैदान उघडं पडतं तसं सिंधुदुर्गात दिसणार नाही, तिथे खडपाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या पसरट खडकांच्या, कडेकडेने आणि वाळूच्या दांड्यावरच शोधावं लागतं.

पायरी दुसरी: परत यायची वेळ आधी ठरवा

हे मी ठळक अक्षरात लिहायला पाहिजे. पाणी तळाला जायच्या तासभर आधी उतरायचं आणि ओहोटी संपून अर्ध्या तासात डिंगीत, म्हणजे बोटीसोबतच्या छोट्या होडीत, बसलेलं असायचं. का, तर पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या भरतीचे बारा हिस्से धरा: पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. समजा २.४ मीटरची भरती आहे तर पहिल्या तासात २० सेंटीमीटर, तुम्हाला वाटतं काय निवांत आहे, दुसऱ्या तासात ४० आणि तिसऱ्यात ६०, म्हणजे बोलता बोलता कमरेला. खडपावर असाल तर मागची वाट आधी बुडते, कारण मधली चर खोल असते, आणि हे समोर बघत कालवं फोडणाऱ्याला कळतच नाही.

उलटी चूक पण होते. जयगडच्या खाडीत आम्ही ओहोटीत डिंगी घेऊन एका ओहळात आत शिरलो, तिवरांमध्ये कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बघायला, अगदी खुशीत, आणि वळून बघतो तर ओहळच नाही, नुसता चिखल चकाकतोय. चिखलात उतरलो तर मांडीपर्यंत रुतलो, मग गुपचूप डिंगीत बसून राहिलो पावणेचार तास, डासांना रक्त देत, पिशवीत दोन चिक्क्या होत्या. तेव्हापासून नियम: ओहळात शिरायचं ते चढत्या पाण्यात, खडपावर जायचं ते उतरत्या पाण्यात. चिखलात पाय रुतला तर ओढाताण करायची नाही, मागे बसल्यासारखं करून वजन पसरायचं आणि एकेक पाय सावकाश हलवत काढायचा.

पायरी तिसरी: विचारा

बंदरात नांगर टाकला की पहिलं काम बंदर ऑफिसला आणि सागरी पोलिसांना कळवणं. २६ नोव्हेंबर २००८ नंतर किनाऱ्यावरचे लोक अनोळखी बोटीकडे बारकाईने बघतात आणि ते बरोबरच आहे, मुंबईवरचा तो हल्ला समुद्रातूनच आला होता. ओळखपत्र, बोटीचे कागद जवळ ठेवा. दुसरं काम वाडीत जाऊन विचारणं, की इथे मुळे-तिसऱ्या अशा शिंपल्या कुठे काढतात, आम्ही चार काढल्या तर चालेल का. खाडीतल्या जागा सरकारी कागदावर कोणाच्या नसल्या तरी कोणत्या बायका कुठल्या दांड्यावर जातात हे ठरलेलं असतं, आणि त्यांचा तो रोजचा पैसा असतो, आपली हौस असते. आम्ही विक्रीच्या जागेवर कधीच काढत नाही, तिथे विकतच घेतो. आणि विकत घेता घेता जी माहिती मिळते ती कुठल्याच यूट्यूबवर नाही.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, लागली असेल तर थेट जाऊन दोराला हात लावा. खेचणाऱ्याला थोडा तरी वाटा मिळतो ही किनाऱ्यावरची जुनी रीत आहे, आम्हाला एकदा तळाशिलकडे अर्धा तास दोर ओढून दहाबारा बांगडे आणि एक छोटी सुळे मिळालेली, हाताची सालं गेली ती वेगळी.

कुठे काढायचंच नाही ते पण सांगतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालंय, २९.१२ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग त्याचा गाभा आहे, तिथे बघायचं, फोटो काढायचे, हात खिशात. प्रवाळ, समुद्री घोडे, समुद्री काकडी यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मेलेलं प्रवाळ पण शोपीस म्हणून उचलू नका. तिवरं तोडणं गुन्हा आहे, चुलीला वाळकी फांदी म्हणून पण नको. आणि २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिलाय, पिल्लू लागलं तर सोडून द्या.

काय शोधायचं

आधी नावांचा घोळ. एकाच शिंपलीला एका गावात तिसरी म्हणतात, दुसऱ्यात शिवली, तिसऱ्यात मुळा, आणि खुबे म्हणजे काय यावरून मी दोन काकूंचं भांडण लावून दिलंय. त्यामुळे नाव विचारण्यापेक्षा शिंपली दाखवून "ही खातात ना?" असं विचारा.

तिसऱ्या, मुळे वगैरे मंडळी वाळूमिश्रित चिखलात, खाडीच्या मुखाजवळ, दोनचार बोटं खोल असतात. पायाने चाचपायचं, कडक काही लागलं की हाताने काढायचं. छोटा खुरपा पुरतो. आमचा नियम: अंगठ्याच्या दोन पेरांपेक्षा लहान ती परत वाळूत, आणि दोघांना मिळून ६०-७०, बास. एका जागी खणत बसू नका, चार पावलं सरकत राहा.

कालवं खडपाला चिकटलेली असतात, वरचं कवच दगडासारखंच दिसतं म्हणून नवख्याला दिसतच नाहीत, एकदा दिसली की मग सगळीकडे तीच. सांध्यात टोकदार हत्यार घालून वरचं झाकण उडवायचं आणि आतला गोळा डब्यात, खालचं कवच दगडावरच राहू द्यायचं. वाडीतल्या बायका हे काम एका हाताने गप्पा मारत करतात, मला पाऊण तासात वाटीभर जमतात आणि तीन जखमा. हातमोजे आणि जाड तळाचे कॅनव्हासचे बूट पाहिजेतच, कारण कालवाची कड ब्लेडसारखी असते आणि समुद्रातली जखम लवकर चिघळते. कापलं की लगेच गोड्या पाण्याने धुवा, बेटाडिन लावा, धनुर्वाताचं इंजेक्शन सीझनच्या आधीच घेऊन ठेवा. जखम लाल होऊन पसरायला लागली किंवा ताप आला तर वाट बघू नका, डॉक्टर गाठा.

शिणाणे म्हणजे हिरव्या कडेच्या लांबट शिंपल्या, लाटा आपटतात अशा खडकांवर घोसाने असतात. चवीला मला सगळ्यात आवडतात, पण लाटेकडे पाठ करून उभं राहायचं नाही एवढं लक्षात ठेवा, आणि एकट्याने जायचं नाही.

कुर्ल्या, रायगडात चिंबोऱ्या. बिळात हात घालणारे लोक वेगळे असतात, तुम्ही घालू नका. बोटीच्या मागून गोल जाळी सोडायची, लोखंडी कडं, मध्ये मासळीचं डोकं घट्ट बांधलेलं, पाणी थांबायच्या वेळी दर पंधरा-वीस मिनिटांनी एका झटक्यात वर. अमावास्येची कुर्ली भरलेली आणि पुनवेची पोकळ असं सगळे सांगतात. कात टाकलेली कुर्ली पोकळ लागते एवढं मात्र खरं, पोटाखाली दाबून बघा, मऊ लागली तर सोडा. पोटाखाली अंड्यांचा गुच्छ असेल तर ती पण सोडा.

निवट्या नावाचे छोटे मासे चिखलात उड्या मारताना दिसतील. आगरी-कोळी घरात त्यांचं कालवण फक्कड होतं. पकडून दाखवा, मी हरलो.

भाजीपाला म्हणाल तर खाजणाच्या कडेला मोरस. बारीक जाडसर रसाळ पानं, चावलं की खारट. रायगडात बायका वाटे लावून विकतात, पहिल्यांदा विकत घ्या म्हणजे ओळख पक्की होईल. वाडीच्या आसपास घोळीची पालेभाजी मिळते. हिवाळ्यात खडकांवर एक पातळ, पारदर्शक हिरवं पानासारखं शेवाळ येतं, स्वच्छ पाण्यातलं असेल तर धुवून, वाळवून तेलात चार सेकंद तळलं की पापडासारखं लागतं. आपल्याकडे खायची पद्धत नाही, माझी आई व्हिडिओ कॉलवर "शेवाळ खाता?" म्हणून रडायचीच बाकी होती. एप्रिल-मेमध्ये करवंदं, रतांबे (कोकमाची फळं), पण रतांब्याचं, काजूचं, आंब्याचं प्रत्येक झाड कोणाचं तरी असतं. विचारलं तर पिशवी भरून देतात, न विचारता तोडलं तर कुत्रा सोडतात, दोन्ही अनुभव आहेत.

पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, पसरलेली जांभळ्या फुलांची मर्यादवेल दिसायला पालेभाजीसारखी असली तरी ती खायची नाही. आणि तिवरांमध्ये हुरा नावाचं झाड असतं, काही जण गेवा म्हणतात, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसायचं बंद होऊ शकतं. पान तोडल्यावर दूध आलं तर हात डोळ्याला लावायचा नाही, सरळ धुवायला जायचं.

काय खायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं

शिंपलीवर्गातलं प्रत्येक जनावर पाणी गाळून जगतं, म्हणजे पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात जमा. म्हणून मोठी बंदरं, मुंबईची खाडी, सांडपाण्याचे ओहळ, कारखान्याच्या खालची बाजू, मासळी उतरवायच्या जेट्टी, इथलं काही नको. धुवून, उकळून जंतू मरतील, पण डिझेल आणि धातू तसेच राहतात. पाण्याला लालसर, तपकिरी किंवा विचित्र हिरवा रंग आला असेल, मेलेली मासळी किनाऱ्याला लागली असेल, तर त्या भागातलं शिंपलीतलं काहीही खायचं नाही. काही सूक्ष्म शेवाळांचं विष शिंपल्यांत साठतं आणि ते शिजवून जात नाही. १९८३ साली मंगळूरजवळ कुंबळेला अशा शिंपल्या खाऊन विषबाधा झाली होती आणि त्यात जीवही गेला. ओठ-जीभ बधिर होणं, मुंग्या येणं हे पहिलं लक्षण, जाणवलं की थेट हॉस्पिटल.

कालवं कच्ची खायची नाहीत. परदेशात लिंबू पिळून खातात ते मलाही माहितीय, पण त्यांचं पाणी थंड, तपासलेलं, आपलं उन्हाळ्यात तीस डिग्रीला टेकतं.

केंड मासा गरीला लागला, फुगला, मजा वाटली, तरी सोडून द्या. त्याचं विष जीवघेणं आहे, त्याला उतारा नाही, आणि "आमच्याकडे एक जण साफ करून खातो" असं सांगणारा भेटला तर त्याला शुभेच्छा द्या. सुंदर नक्षीचा शंकूसारखा जिवंत शंख हातात घेऊ नका, आत विषारी सुई असते. शेंगटीचा किंवा पाकटाचा (शेपटीला विषारी काटा असलेल्या चपट्या माशाचा) काटा बसला तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ डिग्री, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, दुखणं खरंच उतरतं. पाकटाचा काटा पोटात किंवा छातीत बसला असेल तर मात्र काढायचा नाही, तसाच डॉक्टरकडे.

बांगडा, सुरमई, टूना हे उन्हात राहिले तर त्यांच्यात असं काही तयार होतं की शिजवलं तरी अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. फ्रिज नाही तर मासा लागल्या लागल्या कल्ले कापून रक्त काढा, पोट साफ करा, ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवा आणि तासाभरात कढईत घाला.

वाळू काढणे

आमच्या पहिल्या तिसऱ्या आम्ही टाकीतल्या गोड्या पाण्यात भिजवल्या. त्या बिचाऱ्या तोंड मिटून मेल्या आणि सगळी वाळू आमच्या दातात. खाऱ्या पाण्यातच ठेवायच्या, तेही खाडीबाहेरच्या स्वच्छ पाण्यात, बादलीत खाली जाळी किंवा चाळण उलटी ठेवून म्हणजे टाकलेली वाळू खाली जाते, वरून ओलं फडकं, सावलीत, चारपाच तास, मध्ये दोनतीन वेळा पाणी बदलून. रात्री ठेवून सकाळी केल्या तर आणखी चांगलं. शिजवायच्या आधी उघडी असलेली टिचकी मारून बघा, मिटली तर जिवंत, नाही मिटली तर समुद्रात. शिजवल्यावर जी उघडली नाही ती पण समुद्रात.

बोटीचं स्वयंपाकघर

दोन शेगड्या, पाच किलोचा छोटा सिलिंडर, आणि शेगडी अशी टांगलेली की बोट झुकली तरी भांडं सरळ राहतं. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर न जाता बोटीच्या पोटात साचतो आणि मग एक ठिणगी पुरते, म्हणून स्वयंपाक झाला की शेगडीचं बटण नाही तर सिलिंडरचाच व्हॉल्व बंद, दर वेळी, न चुकता.

सगळ्यात उपयोगी भांडं प्रेशर कुकर. झाकण लॉक होतं, लाट आली तरी आमटी अंगावर येत नाही, गॅस वाचतो, पाणी वाचतं. विळी आणू नका, हलत्या बोटीत विळीवर बसणं म्हणजे स्वतःला कापून घेणं. छोटा खलबत्ता, एक जाड सुरी, खवणी टेबलाला चिमट्याने लावायची. सामान: उकडा तांदूळ, तांदळाचं पीठ, रवा, मालवणी मसाला, हळद, आमसुलं, आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) बाटली, चिंच, लसूण, कांदे, सुका जवळा, चणाडाळ, वाळकी तिरफळं, तेल. आणि नारळ, न सोललेले असतील तर महिनाभर हूं का चूं करत नाहीत.

पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर रोजचं धरतो, त्यामुळे स्वयंपाकात काटकसर. किनाऱ्यापासून चांगलं लांब, स्वच्छ निळ्या पाण्यात असाल तर भाताला एक वाटी समुद्राचं आणि तीन वाट्या गोडं पाणी घाला, मीठ वेगळं नको. खाडीच्या पाण्याने हे करायचं नाही. भांडी मात्र स्वच्छ भागात खाऱ्या पाण्याने घासून शेवटी फक्त गोड्या पाण्याचा हात मारतो, नाहीतर जेट्टीवरून गोडं पाणी आणून घासतो.

आमची एकशिपी

तिसऱ्या धुवून कुकरमध्ये, पाणी फक्त अर्धी वाटी, शिटी न लावता झाकण ठेवून मोठ्या आचेवर चारपाच मिनिटं. तोंडं उघडली की उतरवा. खाली जे पाणी सुटतं ते ओतून देणाऱ्याला बोटीवरून उतरवण्यात यावं, सगळी चव त्यात असते. फडक्यातून गाळून घ्या, तळाचा गाळ सोडा. प्रत्येक शिंपलीची एक बाजू काढून टाकायची, मांस असलेली एकच शिंपी ठेवायची, म्हणून एकशिपी.

कढईत तेल जरा सढळ, ठेचलेला लसूण, दोन मोठे कांदे बारीक, चांगले मऊ होऊ द्या, घाई करू नका, गॅस वाचवायचा तो दुसरीकडे. हळद, दीड-दोन चमचे मालवणी मसाला, मग शिंप्या, गाळलेलं पाणी अर्धं, तीन आमसुलं. दोन उकळ्या आल्या की मूठभर ओलं खोबरं आणि बंद. मीठ आधी घालायचं नाही, शेवटी चाखून बघा, नव्वद टक्के वेळा लागतच नाही. जास्त शिजवलं की तिसऱ्या रबर होतात. उरलेलं पाणी भातावर, किंवा त्यातच भात.

कालवं याच पद्धतीने, फक्त त्यांना स्वतःचं पाणी खूप सुटतं म्हणून कांदा आधी कोरडा परता, आणि कालवं घातल्यावर रटरटून शिजू द्या.

मोरस निवडून एकदा उकळून घट्ट पिळायचा, नाहीतर मीठच मीठ. मग लसूण, मिरची, भिजवलेली चणाडाळ, असेल तर भाजलेला जवळा. मीठ घालाल तर फुकट जाईल.

कुर्ली मारताना सुरीचं टोक पोटाखालच्या झडपेखाली झटक्यात घालायचं, जिवंत उकळत्या पाण्यात टाकू नका, बघवत नाही आणि ती नांग्या पण टाकते. बारीक पाय खलबत्त्यात कुटून, पाण्यात कालवून गाळून घेतले की तोच रस्सा. बांगड्याला तिरफळ आणि आगळ, नारळाचं वाटण खलबत्त्यात होईल तेवढं जाडंभरडं. मिक्सर नाही म्हणून अडत नाही, पण हात दुखतो हे खोटं कशाला बोलू.

जास्त मासे मिळाले, असं वर्षातून दोनदा होतं, तर पाठीतून उघडून, तीन किलो माशाला एक किलो जाडं मीठ चोळून, डब्यात एक रात्र, मग खाऱ्या पाण्यात धुवून शिडाच्या दोरीला टांगायचे. दुपारच्या वाऱ्यात तीन दिवसांत कडक होतात. संध्याकाळी दंव पडायच्या आत काढायचे. माश्या बसू नयेत म्हणून मच्छरदाणीचा तुकडा. शेजारी दुसरी बोट नांगरलेली असेल तर आधी विचारून घ्या, आम्हाला वासावरून एकदा मध्यरात्री नांगर हलवावा लागलाय.

फोनमध्ये दोन नंबर सेव्ह करा: तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६ चालू ठेवा. आणि उतरताना बोटीवर कोणीतरी एक थांबलेलं असू द्या, किंवा निदान वाडीत सांगून जा की अमुक खडपावर चाललोय, साडेआठपर्यंत येतो.

राहिले शिंपले. बोटीवर ठेवले तर दुसऱ्या दिवशी बोट सोडून जावंसं वाटेल. ज्या खाडीतून काढले तिथेच, दांड्यापासून बाजूला, खडपाच्या पायथ्याशी टाका, कालवांची पिल्लं जुन्या कवचांवरच येऊन चिकटतात. पुळणीवर टाकू नका, तिथे मुलं अनवाणी पळतात.